गेरणीची काठी

फुलसावंगीच्या मैदानावर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. होळी होऊन आठवडा झाला होता, पण तांड्यांच्या अंगातून होळी अजून उतरली नव्हती. त्यात लेंगी महोत्सवाला रूपसिंग गाणार म्हटल्यावर पुसद-उमरखेडकडून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. लेंगी म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी. ती गळ्याच्या पार वरच्या टोकावर गायची असतात, आणि त्या टोकावर जाऊन टिकणारे गळे साऱ्या भागात दोनच होते. एक रूपसिंगचा. दुसरा हिरासिंगचा, पण तो गेल्या वर्षीच्या होळीत फुटला होता.

फोडला कुणी, तर हिरासिंगच्या बायकोनं, ममतानं. निदान तांडा तरी असंच म्हणत होता, आणि वर्षभर ऐकून ऐकून ममतालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

होळीत तांड्यावर एक खेळ असतो. मोकळ्या जागेत खुंटा ठोकतात आणि त्याला सुवाळ्यांनी, म्हणजे गोड पुऱ्यांनी, भरलेला पितळी गुंड बांधतात. गेरणी, म्हणजे बाया, काठ्या घेऊन गुंड राखतात. गेरिये, म्हणजे गडी, तो पळवायला येतात. बायांनी झोडपायचं आणि गड्यांनी हात पाठीमागे ठेवून मार खायचा. हात पुढे आणायचा तो फक्त गुंडाला. काठीला हात लावला, की तो गेरिया राहिला नाही. त्यानं पुन्हा कधी लेंगीत उभं राहायचं नाही. वर्षभर नवऱ्याच्या लाथा खाणाऱ्या बाया त्या दिवशी कसा हिशेब चुकता करतात, ते एकदा बघावं. दुसऱ्या दिवशी अर्धा तांडा लंगडत असतो आणि कुणी कुणाची तक्रार करत नाही.

गेल्या वर्षीच्या होळीत या खेळात गुलालाचा असा धुरळा उडाला, की शेजारचं माणूस दिसेना. पाच-सहा गडी एकदम गुंडावर पडले. ममतानं काठी उगारली आणि ती कुणीतरी पलीकडून धरली. आधी ओढ बसली, मग पीळ, मग जोराचा ढकला. ममताच्या तळहाताची सालं निघाली. धुरळा खाली बसला तेव्हा हिरासिंग गळा धरून मातीत तडफडत होता आणि काठी तिच्याच हातात होती. यवतमाळच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून त्याचा श्वास चालू केला, म्हणून जीव वाचला. आवाज मात्र गेला. राहिली ती नुसती खरखर.

तिनं पंचांपुढे सांगितलं होतं, काठी कुणीतरी धरली होती. “कोन धरली?” पंचांनी विचारलं. तिनं पाहिलं नव्हतं. खाटेवरच्या हिरासिंगला विचारलं, तर त्यानं हातानंच नाही म्हटलं. आपल्याला ठाऊक नाही. मग काय, बाईचा शब्द कोण धरतो? तेव्हापासून सासू नंदाबाईनं सुनेच्या हातची भाकर तोंडात घातली नाही. चूल वेगळी मांडली. ममता मुकाट्यानं नवऱ्याची पेज गाळत राहिली, त्याच्या गळ्याचं भोक पुसत राहिली, आणि झोपेत तोच झटका बसून दचकून उठत राहिली.

आज मंचावर त्या खेळाचा देखावा होता. एक गेरण आजारी पडली, तेव्हा तांड्याचा नायक हरिसिंग ममताकडे आला.

“वर्स झालं पोरी,” तो म्हणाला. “आज काठी धर. नाई धरली, तं लोकं मरेस्तोवर तेच बोलून राह्यतील.”

“याडी काय म्हनन?” तिनं सासूकडे पाहत विचारलं. नंदाबाईनं तोंड फिरवलं, आणि ममतानं काठी घेतली. ती शोभेची नव्हती. शोभेच्या चमकी लावलेल्या काठ्या पाहून नायकानं त्या फेकून द्यायला लावल्या होत्या आणि तांड्यावरच्या बाभळीच्या मागवल्या होत्या.

दिवे लागले. नंगाऱ्यावर हिरासिंग बसला होता. आवाज गेल्यावर रूपसिंगनं त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं होतं. केवढं मन त्या माणसाचं, असं लोक म्हणायचे. ममताही म्हणायची. पांढऱ्या सदऱ्यातला रूपसिंग पुढे आला, कानावर हात ठेवला आणि त्यानं सूर असा वर नेला की मैदान चिडीचूप झालं. ममतानं नंगाऱ्याकडे पाहिलं. याच जागी हिरासिंगचा सूर आणखी वर जायचा, आणि तिथून खाली उतरायची घाईही करायचा नाही.

गाणं संपता संपता डफडी तापली आणि गेरिये गुंडाकडे धावले. ममता हलक्या हातानं मारत होती, पोटऱ्यांवर, पाठीवर. लोक शिट्ट्या घालत होते. रूपसिंग हसत हसत तिच्या बाजूनं घुसला. तिनं त्याच्या कमरेवर काठी टाकली, आणि खांद्यावरून लोंबणाऱ्या फेट्याच्या सोग्याआड त्यानं ती जुन्या सवयीनं पकडली. आधी ओढ बसली, मग पीळ, मग ढकला.

लोकांना काही दिसलं नाही. ममतालाही काही दिसलं नाही, पण तिच्या तळहातांना कळलं. वर्षभर रोज रात्री हाच झटका त्या हातांना बसत होता. त्याची ओळख पटायला डोळ्यांची गरज नव्हती. तिनं मान वर करून रूपसिंगकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं आणि मग मात्र तिला कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

पहिला तडाखा तिनं गुडघ्यावर दिला. हाड वाजलं. तो वाकला, तसा दुसरा कोपरावर. डफडेवाल्यांना वाटलं, बाई रंगात आली. त्यांनी लय वाढवली. तिसरा पाठीवर, चौथा बरगडीत. लोक उभे राहिले, टाळ्या पडू लागल्या, शेकडो मोबाइल वर झाले. रूपसिंगनं हात पाठीमागे घट्ट धरले होते, कारण सगळा गोर बंजारा समाज बघत होता आणि हात पुढे आला तर लेंगी संपली. पळावं तर बाईच्या काठीला भिऊन पळाला म्हणून जन्माची छीथू. ममताला हे ठाऊक होतं. म्हणून ती घाई न करता, जागा निवडून मारत होती. तिच्या मनात दया आली नाही. आली असती तर तिनं ती काठीखाली चेचली असती. एक फटका तोंडावर बसला. ओठ फाटला आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा ओघळ आला. पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. मागच्या अजून चालूच होत्या.

मग तिनं काठीचं टोक त्याच्या गळ्याच्या घाटीवर टेकवलं. मारलं नाही, नुसतं टेकवलं आणि दाबलं. रूपसिंगचे डोळे पांढरे झाले. त्यानं दोन्ही हातांनी काठी धरली, सगळ्यांच्या देखत.

डफडी आपोआप थांबली. हरिसिंग नायक पुढे आला. “रूपसिंग, काठी सोड.”

“हे मारून टाकते मले.”

“काठी सोड म्हनलं.”

त्यानं सोडली. ममता धापा टाकत होती. “मागच्या वर्साच्या होळीले यानंच धरली होती,” ती म्हणाली. “अश्शीच. माह्या हाताले विचारा.” तिनं तळहात पसरले. मंचावरच्या माइकनं ते शब्द साऱ्या मैदानाला ऐकवले.

आता आपली लेंगी गेली हे रूपसिंगला कळलं होतं. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला धरतो, तसं त्यानं केलं. तोंडातलं रक्त थुंकून तो म्हणाला, “तुह्या हाताले कायले विचारू? तुह्या नवऱ्याले विचार. त्याच्या डोयानं पाह्यलं त्यानं. दवाखान्यात मीच गेलतो त्याच्यापाशी. म्हनलं, गप राह्य, माह्या बाजूचा नंगारा जिंदगीभर तुहा. मान हालवली त्यानं. आता मी एकटाच काहून मार खाऊ?”

ममता वळली. हिरासिंग नंगाऱ्यामागे बसला होता आणि नंगाऱ्याच्या कातड्याकडे पाहत होता. तिनं वाट पाहिली. तो आता खाडकन उठेल, खोटं आहे म्हणून हात झटकेल, रूपसिंगच्या अंगावर धावून जाईल. तो उठला नाही. तेव्हा ममताला जे वाटलं ते रूपसिंगला मारताना वाटलं होतं त्याहून वाईट होतं. ज्या गळ्याचं भोक तिनं रोज पुसलं, त्याच गळ्यानं तिला वर्षभर जाळलं होतं, आणि ते कशासाठी, तर मंचावर बसायच्या एका जागेसाठी.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हिरासिंग हळूहळू उठला. त्यानं हात पाठीमागे घेतले. तिनं मारलं. मांडीवर, दंडावर, पुन्हा मांडीवर. तो हलला नाही. मैदानात कुणी शिट्टी वाजवली नाही. मग तिनं माइक ओढून त्याच्या तोंडापुढे धरला.

“बोल,” ती म्हणाली.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. लोकांनी ज्या गळ्यासाठी एके काळी बैलगाड्या जुंपल्या, ट्रॅक्टर भरले, त्या गळ्याची खरखर त्यानं वर्षभर कुणाला ऐकू दिली नव्हती. बाजारातही तो खुणांनीच बोलायचा. आपली ही लाज झाकायला त्यानं बायकोची अब्रू वापरली होती, हे त्याच्या आता कुठं ध्यानात येत होतं.

“बोल. जसा निघन तसा बोल.”

हिरासिंगनं गळ्याच्या भोकावर बोट ठेवलं. माइकमधून आधी नुसती हवा आली, मग पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. “इचा हात नोयता,” तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. “रूपसिंगनं ढकलली. मले पैल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

बायांच्या घोळक्यातून नंदाबाई उठली. गुडघ्यांनी अधू झालेली म्हातारी, मंचाच्या पायऱ्या एक एक करून चढली. कुणी हात द्यायला पुढे झालं, तर तिनं तो झिडकारला. ममतानं काठी घट्ट धरली. पोटच्या पोराला वाचवायला येणार ही, वर्षभर जे केलं तेच आता चारचौघांत करणार, असं तिच्या मनात आलं, आणि आज आपण म्हातारीलाही सोडणार नाही, हेही आलं.

नंदाबाई जवळ आली. तिनं सुनेचे सोललेले तळहात पाहिले. त्यांतून रक्त येत होतं. तिनं ममताची बोटं एकेक करून सोडवली, काठी आपल्या हातात घेतली आणि ती हिरासिंगकडे वळली. आईला पाहून त्याचे हात आपसूक चेहऱ्यापुढे आले होते.

“हात मांगं घे,” नंदाबाई म्हणाली, आणि तिनं काठी उगारली.