अंजनद्वीपातली कोंडाई

नाना श्रावणात गेले आणि ‘अंजनद्वीपा’चा पाचवा भाग दिवाळीनंतर आला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

वर्ध्यातल्या आमच्या वाचनालयात पुस्तकाची एकच प्रत येई, आणि ती आधी कोणी घरी न्यायची यावरून भांडणं होत. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचनालय माझे वडील, म्हणजे नाना, सांभाळत. त्यांनी पद्धत पाडली होती. नवा भाग आला की तो रविवारी दुपारी व्हरांड्यात सगळ्यांना वाचून दाखवायचा, आणि संपल्यावरच घरी न्यायला द्यायचा. मी नागपुरात शिकवत असे. ते वाचन मी एकदाही ऐकलं नव्हतं. चारही भाग मात्र वाचले होते, जरा वरच्या नजरेनं. उडती गलबतं, काजळाचं बेट, रस्ता चुकणारा राजपुत्र.

पाचवा भाग वाचायला मंडळींनी मला बोलावलं. पहिल्या रविवारी मी बरंच वाचलं. लोक अधूनमधून एकमेकांकडे पाहत होते, ते का, मला कळलं नाही. थांबल्यावर मी सहज विचारलं, कसा वाटतोय.

कचेरीतले दत्तोपंत म्हणाले, हा सगळ्यांत सरस भाग आहे, लेखकानं फापटपसारा टाकून दिला आहे. ते पुण्याहून स्वतःची प्रत मागवत आणि वाचनाला कधी येत नसत. या वेळी नानांसाठी म्हणून आले होते. कापडाचे दुकानदार बंडूजी मात्र तोंड वाकडं करून बसले होते.

“सपक हाये,” ते म्हणाले. “अन् कोंडाई काऊन नाई आली अजून?”

मला वाटलं, माझ्या हातून पान सुटलं. मागे-पुढे चाळून पाहिलं. कोंडाई कुठेच नव्हती. दत्तोपंत म्हणाले, अशी कोणी बाई आधीच्या भागांतही नाही.

“पंत, तुमी वाचले का नुसते चाळले?” बंडूजींनी कीव करत विचारलं. मग त्यांनी मला समजावलं. राजपुत्राला दर वेळी नदीपार नेते ती कोंडाई. नाव तिची, वल्हं तिचं. राजाचा असला तरी पाय धुतल्याशिवाय नावेत चढू देत नाही. आर्वीकडची आहे.

अंजनद्वीप सात समुद्रांपलीकडे आहे, आर्वी तालुक्यात नाही, असं दत्तोपंत म्हणाले.

“मंग? लगन होऊन गेली असन.”

सगळे हसले. मी हसले नाही, कारण माझ्या आईचं माहेर आर्वीचं.

वाचनालयातले चारही भाग घरी नेऊन मी पाहिले. प्रत्येक भागात नदीपाशी एवढंच छापलं होतं, ‘नदी पार करून राजपुत्र पुढे निघाला.’ वाचताना त्या एका ओळीत नानांनी पदरचं काय काय घातलं होतं, ते सगळ्या व्हरांड्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. घरात नाना तिच्याबद्दल कधीच बोलले नाहीत. मी विचारलं की त्यांना काहीतरी काम आठवे. तिचा फोटोही नव्हता.

रजा काढून आठवडाभर मी विचारत राहिले. बंडूजी म्हणाले, कोंडाई उंच होती, जिभेची तिखट, राजपुत्र तिला घाबरे. वाचनालयामागे राहणाऱ्या रुख्माबाई म्हणाल्या, छे, ती ठेंगणी होती, हळू बोले, म्हणून तर तो ऐके. कोणी म्हणालं गोरी, कोणी सावळी. नानांनीच दर वेळी निराळी सांगितली होती, की ज्यानं त्यानं आपापली घडवली होती? आणि आर्वीच्या बायका काय थोड्या आहेत? जितकं ऐकत गेले, तितकी ती माझ्या हातून निसटत गेली.

आईची माझ्यापाशी एकच खूण आहे. ती मला पाणी देताना पेल्यावर फुंकर मारी. पाणी थंड असलं तरी. चेहरा आठवत नाही, फुंकर आठवते. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी वाचता वाचता ती ओळ आली. राजपुत्र नदीकाठी पोचला. मी थांबले आणि पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, “कोंडाईनं त्याला गडूभर पाणी दिलं. देण्याआधी त्या पाण्यावर फुंकर मारली. पाणी थंडच होतं.”

दत्तोपंत आपल्या प्रतीत पान शोधू लागले.

“नाई बाई,” बंडूजी म्हणाले. “थे असं नोती करत. पानी तोंडावर मारन, पन फुंकर नाई.”

रुख्माबाई कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला.

“करे,” त्या म्हणाल्या. “दर वक्ती करे.”

“कवा? मी तं नाई ऐकलं.”

“तुमी पान खायले गेलते तवा.”

मागून कोणीतरी म्हणालं, एकदा मारली होती फुंकर, पण ती घोड्याच्या पाण्यावर. तिथून वाद वाढला. मी रुख्माबाईंकडे पाहत होते. त्यांनी खरंच ऐकलं होतं, की बिनआईची पोर म्हणून माझी बाजू घेतली, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. त्या पुन्हा वाती वळू लागल्या होत्या.

“बरं, मारली फुंकर,” शेवटी बंडूजी म्हणाले. “मंग काय म्हने थे त्याले?”

मला ठाऊक नव्हतं. छापलेल्या पुढच्या ओळीत राजपुत्र पलीकडे पोचलाही होता. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

बंडूजी आणि रुख्माबाई एकदमच बोलायला लागले, आणि दोघं निरनिराळं सांगत होते.