बारा रोगी आणि तेरावं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जुन्या काट्याला एक खोड असते. समोर माणूस आला की हा काय घेऊन आला आणि काय घेऊन जाणार, ते आधी बघायचं. म्हणून माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात धमाल महिन्याची गोष्ट सांगण्याआधी कुणाला काय मिळायचं होतं ते सांगून टाकतो. डॉक्टर जयवंत परचुऱ्यांना मिळायचं होतं नाव. वेसाव्याच्या भिकाजीला मिळायची होती झोप, तीही आडवं होऊन. आणि डॉक्टरांच्या आईला, जानकीबाईंना, एवढंच हवं होतं की कुणीतरी जेवून उठावं आणि म्हणावं, झकास झालं होतं.

तिघांतलं सगळ्यात स्वस्त मागणं कुठलं, हे तुम्हीच ठरवा. मी मात्र तेव्हा चुकलो.

माझा खांब आणि दांडी आगबोटीतून आली. उभं राहायची फळी इथल्या सुतारानं बसवली, म्हणून ती जरा करकरते. पहिली कित्येक वर्षं मी वेसाव्याच्या बंदरावर बर्फाच्या वखारीत होतो. वेसावे म्हणजे तुमचं वर्सोवा. माझ्यावर पापलेटं, सुरमई, कोळंबीच्या पाट्या चढायच्या. घेणारा व्यापारी गप्पा मारता मारता फळीखाली अंगठा लावायचा, विकणारी कोळीण पाटीत बर्फ जास्त ठेवायची, आणि दोघंही मला खोटा म्हणायची. तिथं मी माणसं शिकलो.

वखार बंद पडली तेव्हा कुणीतरी मला अंधेरीच्या एका छोट्या धर्मादाय इस्पितळाला देऊन पुण्य पदरात पाडून घेतलं. मला घासलं, पांढरा रंग दिला आणि माझ्यावर माणसं चढू लागली. माशांपेक्षा माणसं लबाड. कुणी चपला काढतो, कुणी पोट आत ओढतो, कुणी श्वासच धरून ठेवतो.

"काका, श्वास सोडा," सिस्टर माणिक म्हणायची. "वजन श्वासात नाही, पायात आहे."

ते खरंच होतं. हे १९५८ साल. इस्पितळाच्या खालच्या खोलीत बारा रोगी होते आणि बाराही जणांचं हृदय थकलेलं होतं. मित्रांनो, हृदय थकलं म्हणजे बंद पडलं असं नव्हे. ते चालतं, पण रक्त पुढं ढकलायला कमी पडतं. मग अंगात पाणी साठतं. पाय सुजतात, पोट फुगतं, छातीत पाणी चढतं. असा माणूस आडवा झाला की गुदमरतो. म्हणून तो बसून झोपतो. भिकाजी दीड वर्ष बसून झोपत होता. उशांवर त्याचा भरवसा नव्हता. घरून जुन्या जाळ्याचं एक भलंमोठं गाठोडं आणून त्यानं पाठीशी ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं मला ओळखलं.

"डाक्टर, हा काटा माज्या वळखीचा हाय. ह्याच्यावर मी सुरमई घातली. आता मलाच पाटीत घातला."

"सुरमईचा भाव चांगला आला होता का?" डॉक्टर हसत म्हणाले.

"भाव चांगला व्हता. व्यापारी चोर व्हता."

उपचार तेव्हा ठरलेला होता. पडून राहायचं, हृदयाला जोर देणारी गोळी घ्यायची, मीठ सोडायचं, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. आणि आठवड्यातून दोनदा पाऱ्याचं इंजेक्शन, ज्यानं लघवी सुटते आणि रोगी कण्हतो. पण त्या श्रावणात शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी एक बाटली पाठवली. तिच्यात लघवी मोकळी करणारी नवी पांढरी गोळी होती. सुई नाही, कण्हणं नाही. खरंच काम करते का, ते पाहायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. सहा जणांना गोळी, सहा जणांना जुनं इंजेक्शन. बाकी सगळं सारखं: तेच अळणी जेवण, तीच खाट, आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी.

आता सारखं जेवण कुठून आणायचं? इस्पितळाच्या आचाऱ्याचा हात सवयीनं मिठाकडे जायचा. मग जानकीबाई म्हणाल्या, "मी घरून करून पाठवते. बारा पानं म्हणजे काय, तुझ्या मुंजीत दीडशे उठवली होती."

"आई, मीठ अजिबात नाही."

"कळलं रे. एकदा सांगितलंस ना."

काय दिवस होते ते, मित्रांनो. सकाळ झाली की खोली माझ्याकडे मान वळवायची. माणिक दांडीवरचं वजन सरकवायची, दांडी डोलायची, थांबायची, आणि ती मोठ्यानं आकडा सांगायची. तेव्हा वजन रत्तलात होई, दोन रत्तल म्हणजे किलोला थोडं कमी. कुणाचं एक रत्तल उतरलं, कुणाचं दोन. चौथ्या दिवशी भिकाजी आठ रत्तलांनी हलका झाला होता. सुजेनं त्याच्या पायाला आलेली चमक गेली, घोट्याचं हाड दिसू लागलं. तो ते हाड येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, जणू नवीन घेतलंय. समोरच्या खाटेवर दत्ताराम नावाचे कचेरीतले कारकून होते. त्यांच्या चिठ्ठीत इंजेक्शन आलं होतं. ते जळायचे.

"भिकाजी, तुझी गोळी, तुझं नशीब. आमच्या नशिबी सुई."

"नशीब कसला? जेवान बघा ना. ह्यापरीस सुई बरी."

जेवण खरंच वाईट होतं. वरण म्हणजे कोमट पिवळं पाणी. ताटं अर्धी परत जायची आणि ती अर्धी ताटं जानकीबाईंना घरी बोचायची.

भिकाजीच्या पाठचं गाठोडं रोज थोडं खाली सरकत होतं. "आयतवारी मी आडवा," तो म्हणायचा. खोलीत पैजा लागल्या.

आणि मंगळवारी दांडी वर गेली.

भिकाजी एका रत्तलानं वाढला. दत्ताराम दोन. बुधवारी आणखी. बाराच्या बारा जड. गाठोडं पुन्हा पाठीशी उभं राहिलं. शनिवारी मोठे डॉक्टर यायचे होते. आकडे उतरलेले दिसले नाहीत तर बाटली दुसऱ्या इस्पितळात जाणार होती, आणि तिच्याबरोबर भिकाजीची झोप.

डॉक्टरांनी आधी कुणाला धरलं असेल? मला. वाण्याकडून सरकारी छापाची वजनं मागवली, माझ्यावर ठेवली. मी तंतोतंत उतरलो. कुणी माफी मागितली नाही.

मग त्यांचा संशय भिकाजीवर गेला. त्याची बायको अंजनाबाई रोज दुपारी यायची, काखोटीला बोचकं असायचं. इतर लोक बोचक्यातला खाऊ वाटून घेत असतील, असा हिशेब.

"अंजनाबाई, बोचक्यात काय आहे? सुके बोंबील?"

अंजनाबाईनं बोचकं सोडून खाटेवर पसरलं. एक धोतर, एक पंचा, दोन केळी.

"डाक्टर, बोंबील आणलं असतं तं तुमाला इचारायला लागलं असतं का? नाक हाय ना तुमाला?"

खोली हसली. डॉक्टरही हसले असते, पण शनिवार जवळ आला होता.

शुक्रवारी डबे घेऊन येणारा माणूस आला नाही, म्हणून जानकीबाई स्वतः आल्या. खरं सांगायचं तर त्या एरवीही आल्या असत्या. ताटं आता चाटूनपुसून घरी येत होती, आणि कौतुक ऐकायला माणूस स्वतःच जातो. दारातल्या दोन पायऱ्या चढल्या आणि खांबाला हात लावून थांबल्या. डबे जड असतील, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

"जेवतात ना रे सगळे?" त्यांनी विचारलं.

"आई," भिकाजी म्हणाला, "सोमवारपासून तुमच्या हाताला चव आली."

जानकीबाईंचा चेहरा असा उजळला की मला डॉक्टरांची दया आली. कारण डॉक्टरांचा काळवंडला होता.

"सोमवारपासून काय केलंस, आई?"

"काही नाही रे. श्रावणी सोमवार होता, माझा उपास. माझ्या वरीच्या तांदळात घातलं आणि मनात आलं, या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय?"

"काय घातलंस?"

"शेंदेलोण."

"आई, मीठ नाही म्हणून सांगितलं होतं."

"मीठ कुठं घातलं? शेंदेलोण घातलं. उपासाला चालतं ते मीठ कसं होईल?"

मित्रांनो, शेंदेलोण समुद्रातून येत नाही, खाणीतून येतं, म्हणून उपासाला चालतं. देव ते मीठ धरत नाही. हृदय धरतं. आणि गंमत ऐका. डॉक्टर स्वतः रोज दुपारी त्याच डब्यातलं जेवत होते. पण लहानपणापासून दर सोमवारी, दर एकादशीला त्यांनी हीच चव खाल्ली होती आणि तिलाच अळणी म्हटलं होतं. त्यांच्या जिभेला काही वेगळं लागलंच नाही. आणि ते बारा जण? बाराही जणांना चव कळली होती. पण चांगलं चाललंय त्यात तोंड कशाला उघडा, असा बाराही जणांनी आपापला विचार केला होता.

जानकीबाई मटकन बसल्या. बसायला जवळ मीच होतो.

"म्हणजे माझ्यामुळे यांच्या अंगात पाणी भरलं?"

भिकाजी खाटेवरून खाली बघत होता. त्यांच्याकडे नाही, त्यांच्या पायांकडे.

"डाक्टर," तो म्हणाला, "आईची पावलं बघा. माजी व्हती तशीच हायती."

चपलेचा अंगठा सुजलेल्या पावलात रुतून खोल वळ उठला होता. माणिकनं वाकून घोट्यावर बोट दाबलं आणि काढलं. खळगा तसाच राहिला.

"वय झालं, बाई," जानकीबाई म्हणाल्या. "उभं राहून स्वैपाक केला की येते सूज."

"रात्री किती उशा लागतात?" डॉक्टरांनी विचारलं. रोज बारा परक्यांना विचारायचे, तोच प्रश्न.

"तीन," त्या म्हणाल्या. "तू कधी विचारलं नाहीस."

माणिकनं त्यांना माझ्यावर उभं केलं. त्यांनी पोट आत ओढलं नाही, श्वास धरला नाही. डबासुद्धा हातातून ठेवला नाही. तो माणिकनं काढून घेतला. आकडा तिनं मोठ्यानं सांगितला नाही.

शनिवारी मोठे डॉक्टर आले. परचुऱ्यांनी काही लपवलं नाही. आईनं शेंदेलोण घातलं, मी चव घेऊनही ओळखलं नाही, असं सरळ सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. मग चष्मा काढला.

"जयवंत, सुईवाले किती वाढले बघ. पाच-पाच, सहा-सहा रत्तल. गोळीवाले? एक, दोन. मीठ पोटात असूनही गोळीनं पाणी धरू दिलं नाही. तुझ्या आईनं आपल्याला दुसरा प्रयोग करून दिलाय, आणि आपण मागितलाही नव्हता."

त्या खोलीत टाळ्या वाजल्या, मित्रांनो. दत्तारामांनीही वाजवल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की वाढलेले आपणच. पण बाटली राहिली. सुईवाल्यांनाही पुढल्या फेरीत गोळी देण्याचं ठरलं.

त्यानंतरच्या गुरुवारी, दुपारचं खरोखरचं अळणी जेवण झाल्यावर, भिकाजीनं जाळ्याचं गाठोडं खाली ढकललं. मग एक उशी काढली. मग दुसरी. पाठ गादीला टेकली. खोली वाट बघत होती. तो खोकला नाही. थोड्या वेळानं घोरायला लागला, आणि सगळे इतके आनंदले की त्या घोरण्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. अंजनाबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं. "आता ह्याची जागा घरी, होडीत," ती म्हणाली आणि निघून गेली.

राहिल्या जानकीबाई. डॉक्टर त्यांना त्याच बाटलीतली गोळी देऊ बघत होते.

"बारा जणांच्या मोजून आल्यात ना? मग मी कुणाच्या पानातली उचलू?"

"आई, गोळी आहे ती. जेवण नव्हे."

"वाढणाऱ्याला सगळं सारखंच. सुई दे मला."

गोळी अंधेरीच्या औषधाच्या दुकानात मिळायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर त्यांनी पाऱ्याची सुई घेतली, कण्हल्या, आणि बारा जणांचं जेवण करतच राहिल्या. फक्त आता हाताखाली एक बाई होती आणि भाजी चिरायला बसायला पाट होता. शेंदेलोणाची बरणी त्यांनी स्वतः उचलून शेजारणीला देऊन टाकली. श्रावणी सोमवारचे वरीचे तांदूळ त्या पुढं अगदी कोरे खात. डॉक्टरही त्यांच्याबरोबर तेच खात, आणि पहिल्या घासाला तोंड वाकडं करत.

मित्रांनो, आता मी इस्पितळाच्या मागच्या खोलीत असतो. दांडीला गंज चढलाय, फळी पूर्वीपेक्षा जास्त करकरते. तेलाचे दोन थेंब मिळाले तर आवडेल, पण ते मागणं दुसरं. पहिलं मागणं हे: तुमच्या घरात सगळ्यांना वाढून जे शेवटी जेवायला बसतं, त्याला एकदा काट्यावर उभं करा. पावलं बघा. रात्री किती उशा लागतात ते विचारा.

त्या महिन्याचा अहवाल छापून आला. मोठ्या डॉक्टरांचं नाव वर, परचुऱ्यांचं खाली. भिकाजी पुन्हा बंदरावर बसून नव्या पोरांना जाळं विणायला शिकवू लागला, आणि दुपारी आडवा व्हायचा. अहवालात बारा जणांची वजनं आहेत. तेरावं तिथं नाही. ते मला आठवतं.