बिरोबाच्या चढावरचा दुसरा गिअर

दूध संस्थेची जीप बिरोबाच्या चढावर दुसऱ्या गिअरमधून सुटली ती सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास. गहिनीनाथमामांचा डावा हात गिअरच्या दांडीवरच होता. गेलं वर्षभर तो तिथंच असायचा, कारण हात काढला की गिअर आपोआप सुटायचा. त्या दिवशी मात्र दांडीने हातालाच हिसका दिला, गाडी मोकळी झाली आणि मागे घसरायला लागली. मामांनी ब्रेकवर सगळा भार टाकला म्हणून ती थांबली. पण मागचे दोन कॅन आडवे झाले. ज्या चढावरून दोन वर्षं पावसाचं पाणी धड वाहिलं नव्हतं, त्याच्यावरून दुधाचा ओघळ खाली गेला.

मागे कॅनांना पाठ लावून बसलेली विजयमाला उतरली, तिने आधी चाकाला दगड लावला आणि मग भिजलेली साडी पिळली. विजयमाला संस्थेची दूध तपासनीस. भिंगारच्या एका मास्तरांची मुलगी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, वय सव्वीस. दुधात फॅट किती आणि पाणी किती हे काढून देणं तिचं काम, म्हणून खोऱ्यातल्या बायका तिला फॅटबाई म्हणत. बोलायची कमी. मापाच्या नळीतली रेघ वाचताना ती श्वाससुद्धा रोखून धरते, असं मामा सांगत.

"दोन कॅन गेले," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "संपली ताई आता ही गाडी."

"गिअर सुटलाय. गाडी संपली की नाही ते अजून कळायचंय," विजयमाला म्हणाली आणि आडवे कॅन उभे करायला लागली.

संध्याकाळी संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत बैठक झाली. एकोणीसशे बहात्तरचा नोव्हेंबर होता. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात चार वाड्या. चांगल्या पावसाच्या साली तिथून आठ कॅन दूध निघायचं, आता जेमतेम तीन. तिथं एसटी जात नव्हती. दूध वर सडकेला आणायचं तर बिरोबाचा चढ आणि ही मिलिटरीच्या लिलावातली जीप, एवढंच साधन होतं. चेअरमन आप्पासाहेबांनी फार वेळ लावला नाही.

"कानिफनाथ मिस्त्री मागल्या हप्त्यात बसून गेला गाडीत. नुसत्या आवाजावरनं त्यानं सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स गेलाय. नवा घालायचा तर गाडीच्या निम्म्या किमतीला पडतोय. शनिवारी नगरचा भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू. खोऱ्यातलं दूध पाऊस पडस्तवर बंद."

"पाऊस पडेपर्यंत त्या बायका जनावरं विकून मोकळ्या होतील," विजयमाला कोपऱ्यातून म्हणाली. "मग पाऊस पडून काय उपयोग?"

"बाई, तुमी दुधाचं बगा. गाडीचं आमाला बगू द्या."

"मिस्त्रींनी बॉक्स उघडला होता का?"

"उघडायला कशाला पायजे? आवाजावरनं कळतंय की."

विजयमाला उठली आणि दाराशेजारच्या पाटीखाली जाऊन उभी राहिली. पाटी आप्पासाहेबांनीच रंगवून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी नुसता वास घेऊन एका म्हातारीचं दूध परत पाठवलं म्हणून संस्थेत मोठं भांडण झालं होतं, त्यानंतरची ती पाटी. 'तपासल्याशिवाय कोणाचेही दूध नाकारले जाणार नाही. हुकमावरून.'

"हा नियम तुमचा आहे, आप्पासाहेब. पळीभर दुधाला जो न्याय तो गाडीला का नाही? मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

सभासदांपैकी कोणीतरी हसलं. आप्पासाहेब हसले नाहीत. स्वतःची पाटी अशी तोंडावर आलेली त्यांना आवडली नव्हती.

"बरं. शनिवारी आठ कॅनाचं वजन घालून बिरोबाचा चढ चढवून दावा. तीन कॅनाचं न्हाई चालायचं. उद्या पाऊस झाला, आठ कॅन निगाले, तवा ही बया परत मागं घसरायला नको. आणि मधी गिअर सुटला तर गाडी तितनंच भंगारात."

"चालेल. सुटला तर खर्च माझ्या पगारातून कापा."

मंगळवारी दुपारी लिंबाखाली जीप उभी करून मामांनी गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट काढला. खाली विजयमालाने एनॅमलचा पांढरा ट्रे ठेवला होता. तेल आलं ते धारेने, भराभर. मामा तेलाकडे बघत होते, ती धारेकडे. गिअरचं तेल काकवीसारखं सावकाश यायला हवं. तिने बोट बुडवून वास घेतला.

"मामा, हे तेल कुठलं?"

"तेल म्हंजे तेलच की."

"गिअरच्या तेलात गंधक असतं. त्याचा उग्र वास येतो. ह्याला तो वास नाही."

मामा चाकाशी खाली बसले. दूध गाळायच्या जुन्या मलमलीतून तिने सगळं तेल गाळलं, कपड्यावर राहिलेला गाळ रॉकेलने धुतला आणि कोऱ्या कागदावर पसरून वाळू दिला. हायस्कूलच्या विज्ञानाच्या मास्तरांकडून मागून आणलेला लोहचुंबक तिच्या पिशवीत होता. तो तिने कागदाखालून हळूहळू फिरवला. थोडी करडी पूड चुंबकामागोमाग सरकली. पुष्कळशी पिवळी पूड मात्र होती तिथंच राहिली आणि उन्हात चमकत राहिली.

"बघा. सरकते ती पोलादाची, म्हणजे चाकांच्या दातांची. ती चिमूटभर आहे, जुन्या गाडीत एवढी असायचीच. तुटलेला तुकडा एकही नाही. पिवळी आहे ती पितळेची."

"म्हंजे?"

"म्हणजे दात गेलेले नाहीत. गिअर नीट बसवणाऱ्या आतल्या पितळी रिंगा झिजल्यात. अख्खा बॉक्स गेला म्हणणं म्हणजे फॅट कमी लागली म्हणून म्हैसच विकायला काढणं."

मामांनी कागदावरून नजर काढली नाही. मग हळूच म्हणाले, "पाप माझंच हाय, ताई."

गहिनीनाथमामा आधी बैलगाडी हाकायचे, जीप चालवायला शिकले ते चाळिशीनंतर. सुरुवातीला गाडीचं तेलपाणी नगरच्या गॅरेजमध्ये व्हायचं. तीन वर्षांपूर्वी संस्थेने ते बंद केलं आणि काम मामांवर आलं. बैलांना पोळ्याला न्हाऊ घालतात तशी मामा जीपला खंडेनवमीला न्हाऊ घालायचे. धुवायचे, पुसायचे, झेंडूचा हार घालायचे आणि सगळी तेलं बदलायचे.

"ते गिअरचं तेल काळंकुट्ट, लई घान मारतं. सनाच्या दिवशी, फुडं नारळ फोडायचा, आनि पोटात तसलं नासकं घालायचं? जीव हुईना. म्हनून इंजिनाच्या तेलाचा नवा डबा फोडायचो. कसं पिवळंधमक, मधावानी. तेच दोन्हीकडं घातलं."

"किती वर्षं?"

"ही तिसरी खंडेनवमी." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आप्पासायबांना सांगा. मी मारली म्हनावं गाडी."

"गाडी मेलेली नाही, तर मारली कोणी ते कशाला सांगू? टोपी घाला. उद्या भिंगारला जायचंय."

बुधवारी जीप भिंगारला नेली ती पहिला आणि तिसरा गिअर वापरून, दुसऱ्याला हात न लावता. कानिफनाथ मिस्त्रीचं गॅरेज जुन्या बाजाराच्या टोकाला होतं. त्याने कागदाची पुडी उघडली, पिवळी पूड पाहिली आणि मामांना म्हणाला, "ह्या बाईंनी तेल चाखून बी बघितलं का?"

"गरज पडली नाही," विजयमाला म्हणाली.

"मी तीस वर्षं गिअरबॉक्स ऐकतोय, बाई. किरकिर आवाज आला की दात गेले."

"तेल पातळ असलं तरी आवाज येतो. तुम्ही ऐकलंत ते बरोबर. आता उघडा."

"आणि दात गेलेले निघाले तर?"

"तर तुमच्यासमोर ह्याच गाडीतून भंगाराच्या बाजारात जाईन. उघडल्याशिवाय मात्र हलणार नाही." तिने तेलाचा रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर बसली.

मिस्त्रीने उघडला. संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स सुटा होऊन गोणपाटावर आला. मिस्त्रीने एकेक चाक पुसून उजेडात फिरवलं, दातांवरून अंगठा नेला. मग पितळी रिंगा बाहेर काढल्या. त्यांच्या आतल्या खाचा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या. दांडीला जागेवर धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगाही मऊ पडल्या होत्या.

"दात शाबूत हायत," शेवटी तो म्हणाला, मामांकडे बघत. ती गोष्ट बाईंना सरळ सांगायची त्याची अजून तयारी नव्हती. "मिलिटरीच्या एका मोडक्या बॉक्सातल्या रिंगा आणि स्प्रिंगा पडल्यात माज्याकडं. बऱ्या हायत. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"तेल मी माझ्यासमोर घालून घेईन," विजयमाला म्हणाली.

गुरुवारी ते काळं, घट्ट, नासक्या अंड्यासारख्या वासाचं तेल सावकाश आत गेलं. मामांनी नाकाला पदर लावल्यासारखा उपरण्याचा शेव लावला. मिस्त्री तेवढ्यापुरता हसला.

शनिवारी सकाळी जीप खोऱ्यात उतरली. दूध तीनच कॅन निघालं. पाच कॅनांचं वजन भरून काढायचं होतं. भरला कॅन पन्नास किलोचा, म्हणजे अडीचशे किलो. पेंडीची पोती घालावीत, तर वाडीवरची पेंड आठवड्यापूर्वीच संपलेली. पाझर तलावाच्या कामावर निघालेल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बघत उभ्या होत्या. त्यात लंकाबाई पुढे. तिची एक म्हैस तेवढी उरली होती, आणि त्या म्हशीच्या दुधाची फॅट खोऱ्यात सगळ्यात जास्त लागायची.

"अडीचशे किलो म्हंजे किती बाया?" तिने विचारलं.

विजयमालाने तिच्याकडे बघितलं. पेंड मोजायचा काटा दूध जमा करायच्या खोलीच्या दारातच होता. "बसा काट्यावर."

"अगं बया, पेंडीच्या काट्यावर?"

"म्हशीसाठी बसताय."

एकेक बाई काट्यावर चढली. बेचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. दुष्काळाने सगळ्यांनाच उतरवलं होतं, हे त्या आकड्यांवरून कळत होतं. लंकाबाई बसली आणि काटा पन्नासाच्या पुढे गेला.

"कामावर मिळती ती समद्यांची सुकडी हीच खाती वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी खाल्ली म्हनून आज गाडीत वजन भरतंय," लंकाबाई म्हणाली. "न्हाईतर तुमच्यासारख्या वाळक्या चिपाडांनी काय हुतंय."

सहा बायकांचं मिळून दोनशे त्रेपन्न भरलं. विजयमालाने आकडा कागदावर लिहिला, त्यावर लंकाबाईचा अंगठा घेतला आणि सगळ्याजणी कॅनांच्या मधे दाटीवाटीने बसल्या. ती स्वतः पुढे, मामांच्या शेजारी.

चढाच्या माथ्यावर, बिरोबाच्या दगडाजवळ, आप्पासाहेब उभे होते. त्यांच्यामागे भंगारवाल्याचा ट्रक.

पायथ्याशी मामांनी दुसरा गिअर टाकला. टाकताना आवाज झाला नाही. गाडी चढायला लागली, आणि मामांचा डावा हात सवयीने दांडीवर घट्ट बसला.

"हात काढा, मामा."

"ताई, वळनावर सुटला म्हंजे सात बाया हायत गाडीत."

"आवाज ऐका. धरून ठेवलात तर तो राहतो की नाही ते कधीच कळायचं नाही. पाय ब्रेकजवळ असू द्या, हात काढा."

मामांनी एकेक बोट सोडलं. हात दोन क्षण दांडीच्या वर अधांतरी राहिला. सोमवारी दूध सांडलं होतं त्या जागी धुळीत अजून पांढरट पापुद्रा होता. गाडी त्यावरून गेली. वळणावर भार मागे कलला, कॅन एकमेकांवर आदळले, मागे लंकाबाईने कोणाचा तरी दंड धरला. दांडी थरथरत होती. विजयमाला तिच्याकडे नळीतली रेघ वाचावी तशी बघत राहिली. दांडी जागेवरून हलली नाही.

माथ्यावर गाडी थांबली तेव्हा बायका उतरायच्या आधी आप्पासाहेब जवळ आले. त्यांनी मागे डोकावलं.

"हे काय? मी आठ कॅन म्हनलो हुतो."

"आठ कॅनांचं वजन म्हणालात." विजयमालाने कागद पुढे केला. "तीन किलो जास्तच आहे."

आप्पासाहेबांनी कागद वाचला, मग बायकांकडे बघितलं. लंकाबाई म्हणाली, "परत काट्यावर घाला वाटलं तर. आमी कुटं दूध हाय नासायला."

भंगारवाल्याने ट्रकमधून मान बाहेर काढून विचारलं, "साहेब, न्यायची का मग?"

आप्पासाहेबांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "रिकामा जा बाबा," ते शेवटी म्हणाले. मग विजयमालाकडे वळले. "आता हाय ते हाय. पन जुनी गाडी ती जुनीच. फुडल्या साली गिअर परत गेला म्हंजे?"

"तर परत उघडून बघू. आधी बघायचं, मग काय ते ठरवायचं. तुमचीच पाटी आहे."

बायका परत खाली कामावर निघाल्या. मामा मात्र गाडीतच बसून होते. डावा हात कुठं ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी तो मांडीवर ठेवला, मग दारावर, मग परत मांडीवर.

संध्याकाळी विजयमालाने लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि गिअरच्या दांडीजवळच्या पत्र्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'तेल काळे. वास येणारच. खंडेनवमीला फक्त हार.'

मामांनी ते दोनदा वाचलं. "आनि नारळ?" त्यांनी विचारलं.

"नारळ फोडा," ती म्हणाली. "पण खोबरं बाहेरच ठेवा."