डाव्या बाजूचा टर्बो

"अजून बोटभर आत घे ताई, नाहीतर बॉनेट बसायचं नाही," धाकटा गाडीखालून ओरडला.

"बोट कुणाचं? तुझं की माझं?" ताईनं तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली. "तुझं घ्यायचं तर नळी तुझ्या बायकोच्या मांडीवर येईल, माझं घ्यायचं तर तुझ्या."

धाकटा खाली पडल्या पडल्या हसला. शेजारी स्टुलावर बसलेले अप्पा मात्र हसले नाहीत. "राजे सांगतात तसं कर की," ते म्हणाले. "त्यांनी डोकं लावलंय त्यात."

ताईनं काच खाली ओढली आणि नळी बोटभर आत घेतली. काचेआड माणसाचं तोंड दिसत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय. नवरा गेल्यावर त्याचं सायलेन्सरचं दुकान तिनं चालवायला घेतलं, तेव्हा लोक म्हणाले, बाई डोळे घालवून बसेल. डोळे शाबूत राहिले. उलट, कुठल्या वेळी काच खाली घ्यायची, एवढं मात्र ती नीट शिकली.

अप्पा धाकट्याला 'राजे' म्हणत. तिला 'अगं' म्हणत. आई गेल्यापासून ते ताईकडेच राहत होते. त्यांची पथ्यं, त्यांचा खोकला, त्यांचा हरवलेला चष्मा, सगळं 'अगं'च्या वाट्याला होतं. राजे दुसऱ्या शहरात एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा डोंगर वर्षातून दोनदा यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तरी साजराच राहायचा.

गाडी अप्पांच्या मालकाची होती. लांबरुंद, काळीभोर, आठ सिलिंडरची. उभा जन्म अप्पांनी ती चालवली. मालक गेले, त्यांच्या मुलांना नव्या गाड्या हव्या होत्या. जुनी त्यांनी अप्पांना देऊन टाकली. तेव्हापासून ताईच्या दुकानाची अर्धी जागा तिनं अडवली होती. ताई दर रविवारी चादर काढून ती सुरू करायची, चाकं एका जागी दबू नयेत म्हणून हातभर पुढेमागे ढकलायची, सीटखालचे उंदीर हाकलायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, हे धूड विका की!" ती म्हणायची, "अप्पांची आहे." तोंडानं अप्पांची म्हणायची, पण मनात कुठंतरी 'आमची' म्हणत होती. ते तिला कळलं गेल्या महिन्यात, जेवताना. अप्पा म्हणाले होते, "गाडी काल राजेंच्या नावावर करून टाकली. अगं, मीठ दे जरा."

तिनं मीठ दिलं होतं.

आणि आता राजे महिनाभराची रजा काढून आले होते, गाडीला दोन टर्बो बसवायला. तयार संच घ्यायचा तर गाडी विकावी लागली असती, म्हणून सगळा काटकसरीचा मामला. टर्बो भंगारात निघालेल्या डिझेल व्हॅनचे. हवा थंड करायची जाळी एका छोट्या ट्रकची, कापून पुन्हा जोडलेली. संगणकावर इंजिनाचा हिशेब बसवायचं काम धाकट्याचं स्वतःचं. त्यात तो खरोखर तरबेज होता, हे ताईही नाकबूल करत नसे. आणि इंजिनापासून टर्बोपर्यंतच्या वाकड्यातिकड्या नळ्या, ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा, त्या जोडणार बहीण. या सगळ्या काटकसरीत स्वस्तात स्वस्त वस्तू तीच होती. ती फुकट आली होती.

"टर्बो म्हणजे काय रे नेमकं?" पहिल्या दिवशी समोरच्या टायरवाल्यानं विचारलं होतं.

"सोपं आहे काका," धाकटा म्हणाला होता. "गाडी जो धूर फेकून देते ना, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा. तो दुसरा पंखा फिरवतो. दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. फेकलेल्यातून ताकद!"

"म्हणजे आमच्या ताईसारखंच की," टायरवाला म्हणाला आणि स्वतःच खो-खो हसला. ताईही हसली. रात्री भांडी घासताना मात्र तिला ते वाक्य फार वेळ पुरलं.

नळ्यांचं काम तिनं जीव ओतून केलं. हे तिला स्वतःलाच विचित्र वाटे. मत्सर पोटात धगधगत असायचा आणि हात मात्र त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखे शांत चालायचे. एकेक जोड असा, की बोट फिरवलं तर मोजून घातल्यासारख्या बारीक लाटा लागाव्यात. मग धाकट्यानं त्या नळ्यांवर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली आणि सगळं काम झाकून गेलं. अप्पांनी ते पाहिलंच नव्हतं. ते धाकट्याच्या मागेमागे स्टूल सरकवत होते.

शेवटच्या दिवशी सकाळी ते घडलं.

धाकटा डावीकडचा टर्बो आवळत होता. नटबोल्ट आत पडू नये म्हणून टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडात त्यानं एक फडकं कोंबलं होतं. ताई पलीकडे पाना शोधत होती. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "हो गं, आज सुरू... नाही गं, काही उडत नाही..." असं बोलत बोलत, मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून, त्यानं रबरी नळी त्याच तोंडावर चढवली आणि पट्टा आवळून टाकला. फडकं आतच.

ताईनं पाहिलं. "अरे—" म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात अप्पा चहा घेऊन आले. दोन पेले. एक राजेंच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. "अगं, तुझा आत झाकून ठेवलाय," ते म्हणाले.

ताईचं तोंड मिटलं.

ती आत गेली, गार झालेला चहा उभ्याउभ्या प्यायली आणि परत येऊन पाना शोधायला लागली. पाना तिच्या हातातच होता.

दुपारभर ते फडकं तिच्याच घशात कोंबल्यासारखं होतं. गाडी सुरू झाली की ते आत ओढलं जाणार, नखाएवढ्या पातळ पात्यांत गुरफटणार, पाती तुटणार. तुकडे इंजिनात गेले तर इंजिनही गेलं. मग राजे मान खाली घालून उभे राहतील. मग बघू अप्पा कुणाला काय म्हणतात. मी कोंबलंय का? ती मनाशी म्हणे. मी तर काहीच केलेलं नाही. जेवताना धाकट्यानं तिच्या पानात आपल्या पानातलं वाढलं, लहानपणी वाढायचा तसं. "खा ताई, तुझ्या जिवावर चाललंय सगळं." हे तो अप्पांसमोर म्हणाला, पण अप्पा तेव्हा पाणी पीत होते.

आयत्या बिळावर नागोबा, असं ती त्याला महिनाभर मनात म्हणत आली होती. तो घास मात्र गिळताना तिला ठसका लागला.

संध्याकाळी दुकानासमोर गर्दी जमली. टायरवाला, बॅटरीवाला, समोरची शिवणकाम करणारी बाई. अप्पांनी दुसऱ्यांदा दाढी केली होती. धाकट्यानं किल्ली त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही सुरू करायची अप्पा. तुमचीच गाडी आहे."

हे ताईच्या हिशेबात नव्हतं.

अप्पा गाडीत बसले. सवयीनं आधी आरसा नीट केला, मग सीट, मग पुन्हा आरसा. मागे मालक बसलेत की काय असे ताठ बसले. किल्ली लावताना त्यांचा हात थरथरत होता आणि तो थरथरता हात पाहताना ताईला एकदम पुढचं सगळं दिसलं. तो कर्कश आवाज, आणि त्या आवाजानंतर तो हात. राजेंची फजिती झाली असती तर ती भरून निघाली असती. राजे तरुण होते. पण अप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले असते, माझ्या हातानं गेली. आणि ते म्हणणं रोज सकाळ-संध्याकाळ ऐकायला घरात असणार होती तीच.

"थांबा!"

सगळे तिच्याकडे वळले.

"अगं, आता काय मधेच?" अप्पा खेकसले.

"माझा एक जोड राहिलाय. अर्धं मिनिट."

ती डावीकडून वाकली, गर्दीकडे पाठ करून. पट्टा सैल केला, रबरी नळी ओढली, दोन बोटं घालून फडकं बाहेर काढलं आणि मुठीतच चुरगाळून ॲप्रनखाली सारलं. नळी पुन्हा चढवली. मान वर केली तर धाकटा अगदी समोर. त्यानं पाहिलं होतं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"बाईमाणसाच्या कामाचं हे असंच," अप्पा खिडकीतून टायरवाल्याला सांगत होते. "राजेंना म्हटलं होतं, नळ्या बाहेरून करून घ्या. ऐन वेळी घोटाळा."

धाकट्यानं तोंड उघडलं. "अप्पा, ते ताईचं नव्हतं, ते मी—"

"करा सुरू अप्पा," ताई मोठ्यानं म्हणाली. "झालं माझं."

इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं. आधी खोल घरघर, मग तिच्यावर एक बारीक शीळ. टायरवाल्यानं टाळी वाजवली. अप्पांचे डोळे भरून आले, आणि ते डोळे आरशातून राजेंना शोधत होते. ताईनं पाहिलं आणि तिला पुन्हा तसंच पोटात दुखलं. चांगलं वागलं की हे दुखणं थांबतं, असं कुणीतरी तिला उगीचच सांगून ठेवलं होतं.

सकाळी धाकटा निघाला. अप्पाही निघाले. "चार दिवस जाऊन येतो राजेंबरोबर," ते म्हणाले. त्यांची पिशवी भरलेली होती. म्हणजे हे काल रात्रीच ठरलं होतं, तिला विचारायचं राहिलं होतं.

तिनं धाकट्याला बाजूला घेतलं. "पांढरी गोळी जेवणाआधी. पिवळी नंतर. पिवळी ते जिभेखाली लपवतात आणि मग कुंडीत थुंकतात, त्यामुळे गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. रात्री दार ओढून घेतलं की घाबरतात. उघडं ठेव."

धाकटा शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत होता. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं गं."

"कसं असेल?"

"ताई, कालचं ते..." त्यानं अप्पांकडे एकदा पाहून घेतलं. "तू आयत्या वेळी बघितलंस म्हणून. नाहीतर मी संपलो होतो."

आयत्या वेळी. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. सकाळी, चहाच्या आधी, असं ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "हळू चालव. पहिले काही दिवस फार दाबू नकोस."

अप्पांनी खिडकीची काच खाली केली. "अगं, दार नीट लावून घे," त्यांनी बजावलं. मग समोर बघत म्हणाले, "चला राजे."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. दुकानात अर्धी जागा एकदम उघडी पडली. फरशीवर गाडीएवढा स्वच्छ चौकोन होता, बाकी सगळीकडे काजळी. तेवढ्यात एक व्हॅनवाला गंजका सायलेन्सर खांद्यावर घेऊन आला.

"ताई, हा आज होईल का?"

ताई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. गाडी मोठ्या रस्त्याच्या चढाला लागत होती, आणि चढावरच इंजिनावर खरा ताण येतो. जोडात केसाएवढी जरी फट राहिली, तरी तिथून वारा फुटतो आणि टिकटिक ऐकू येते, बंद न पडणाऱ्या घड्याळासारखी. हे गाडीत बसलेल्या माणसाला कळत नाही. बाहेर उभं राहणाऱ्याला कळतं.

"घाई आहे हो ताई. किती वेळ लागेल तेवढं तरी सांगा."

ताईनं त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांब जरा," ती म्हणाली. "ऐकू दे."