घरी न्या

नागपूरच्या डॉक्टरांनी सुखरामला तपासलं आणि त्याच्या बायकोला, गिरजाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, पोटातली गाठ पसरली आहे, आता घरी न्या, सेवा करा. तिने त्याला घरी आणलं. घर म्हणजे वरठीत कारखान्यामागे, गोदावरीबाईंच्या चाळीतली शेवटची खोली. एकोणीस वर्षं दोघं तिथे भाड्याने राहत होते. तो ठेकेदाराकडे लोखंड उचलायचा, ती कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. मूलबाळ नव्हतं. उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकायची युक्ती सुखरामची. मग साऱ्या चाळीने ती उचलली.

आठवड्याने गोदावरीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बाई वाईट नव्हती. सुखराम पडल्यापासून त्याची पेज त्यांच्याच चुलीवरून यायची. पदराचं टोक पिळत त्या म्हणाल्या,

"गिरजा, पोरीचं, राखीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं. मांडव याच अंगणात पडते. मांडवाच्या दारात तिरडी बांधाची पाळी आली त मी काय करू, तूच सांग."

त्यांच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, हे गिरजाबाईला कळत होतं, म्हणून तर भांडताही येईना.

दोन दिवस काम सुटल्यावर ती खोल्या बघत फिरली. नवरा आजारी आहे हे लपवणार कसं? त्याला उचलूनच आत न्यावं लागणार होतं. एकाने खोली उघडून दाखवली आणि कळल्याबरोबर कुलूप लावलं. दुसऱ्याने सरळ सांगितलं की खोलीत माणूस गेला की पुढे भाडेकरू मिळत नाही.

शेवटी तिने सानगडीला फोन केला. सुखरामचा धाकटा भाऊ भय्याजी तिथे शेती करत होता. घरातला आपला वाटा सुखरामने त्याला केव्हाच सोडून दिला होता. भय्याजी म्हणाला, घेऊन ये.

सकाळी गाडीत घालताना सुखरामने विचारलं, दवाखान्यात जायचं का? ती हो म्हणाली. कारध्याच्या पुलावर त्याने मान उचलून वैनगंगेकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत परतू ना, असं विचारलं. ती त्यालाही हो म्हणाली.

भय्याजीने ओसरीतल्या धानाच्या पोत्यांशेजारी खाट टाकली होती. सुखराम आढ्याकडे बघत राहिला. जन्म याच घरात झालेला, पण त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"काहून आणलं इथं? घरी चाल न, गिरजा."

"उद्या जाऊ."

नऊ दिवस तो विचारत राहिला आणि ती उद्या म्हणत राहिली. दहाव्या दिवशी त्याने विचारलं नाही. तोंड भिंतीकडे वळवलं आणि तिने पाजलेलं पाणी ओठांवरून ओघळू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. गावातल्या बाया तिची समजूत घालत होत्या की भाग्याचा माणूस, शेवटी आपल्या घरी देह ठेवला. ती ऐकत होती.

तेरवी झाल्यावर भय्याजीने राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती वरठीला परतली. गोदावरीबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या. सामान त्यांनी नीट गाठोडी बांधून पडवीत ठेवलं होतं. लग्न पार पडलं होतं, आणि खोलीत कारखान्यात नवीन लागलेली दोन माणसं राहायला आली होती. भिंतींना नवा चुना दिला होता.

ती पुन्हा खोली शोधायला निघाली. पहिल्या घरची बाई चांगली बोलली, पाणी दिलं, मग विचारलं, "संग कोन हाये?"

"कोनी नाही."

एकट्या बाईला देत नाही, असं तिने सांगितलं. दुसऱ्या, तिसऱ्या घरीही तेच. चौथ्या दाराच्या कडीपर्यंत गिरजाबाईचा हात गेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिने हात मागे घेतला आणि दारावरची पाटी वाचत असल्यासारखी तिथेच उभी राहिली. वाचता मात्र तिला येत नव्हतं.