फळी शिजवणारा कुकर

हातभर रबरी नळी. माणसाहून लांब प्लास्टिकची पिशवी, दोन्ही तोंडे बांधलेली. आईचा फुगलेला चेहरा. अर्धवट होडी. बाबांचा उजवा हात, ज्यात आता पेलाही ठरत नाही.

मित्रांनो, या पसाऱ्यात एक जुना प्रेशर कुकरही होता. तो मी.

पत्र्याच्या चकतीवर दाब देऊन कारखान्यात मला घडवले. मग कितीतरी वर्षे मी या घरचे बटाटे उकडले. माझ्या शिट्टीवर शेजारच्या काकूंचे घड्याळ चाले. पुढे नवा कुकर आला आणि मी फडताळात मागे गेलो.

बाबा होड्या बांधायचे. हात लुळा पडल्यावर त्यांची शेवटची होडी ताईने हाती घेतली. फळी होडीच्या निमुळत्या टोकाकडे वळवायची होती. ताई ती लांब पेटीत वाफवून होडीकडे धावायची, पण तेवढ्यात फळी निवायची आणि वाकवताना कडकन मोडायची. दोन मोडल्या. उरली एक. तीही मोडली तर होडी फोडून अंगणातली छपरी रिकामी करायची, असे बाबांनी सांगून टाकले.

ताई हटली नाही. फळीला वाफेकडे न्यायचेच नाही, वाफच फळीकडे आणायची, असे तिने जेवताना जाहीर केले. आई ताटे गोळा करून घासायला घेऊन गेली.

सकाळी तिने फळीचे एक टोक होडीला आवळले, वर पिशवी चढवली आणि हळूच फडताळ उघडले. मी पुढेच होतो, लख्ख घासलेला, बिनशिट्टीचा. शिट्टीच्या जागी तिने नळी खोचली, नळीचे टोक पिशवीत सोडले आणि मला शेगडीवर ठेवले.

माझ्या कुकरची वाट लावली म्हणून आई कुरकुरत राहिली. "मीठ किती घालू फळीला, तेवढं सांगा."

पिशवी फुगली. फळी घामेजली. ताई दोर आवळत गेली आणि फळी बोटबोटभर वाकू लागली. अर्ध्यावर माझ्या पोटातले पाणी संपत आले. वाफ थांबली तर फळी निवणार. पण सांगणार कसे? मला तोंडच नव्हते.

आई दारात थबकली. "कोरडा पडतोय गं तो. आवाज ऐक."

"दोर सोडला तर फळी गेली, आई."

"तू धर. मी आहे ना."

तिने उकळत्या पाण्याचे पातेले आणले, फडक्याने माझे झाकण काढले, पाणी ओतले, झाकण बसवले. मी पुन्हा जोरात फुसफुसलो.

बाबा होडीजवळ येऊन म्हणाले, "आता ओढ."

फळी होडीच्या अंगाला बिलगून बसली.

होडी आज पाण्यात आहे. मी छपरीत, नळीसकट. मित्रांनो, जुन्या वस्तूला भंगारात टाकण्याआधी तिचा आवाज ऐकायला शिका. माझ्या झाकणाचे रबर तेवढे चिरले आहे. नवे बसवा, मी अजून वाफ देईन.

आणि हो, फळी वाकवली त्याच्या आदल्या संध्याकाळी भांडी घासताना माझी शिट्टी आईनेच काढून ठेवली होती.