परड्यातलं भांगार

मी भांग बोलतेय. हळू बोलतेय, कारण दगडी गडग्यापलीकडे कोणाचे कान असतील सांगता येत नाही. उगवल्यापासून मी भीतच जगलेय.

डिचोलीतल्या पाळी गावात, सत्यवतीच्या घरामागच्या परड्यात मी वाढले. तिचं माहेर केरीचं. तिथून पदराच्या गाठीत तिने माझी बी आणली आणि झेंडूच्या वाफ्यात पेरली. झेंडूच्या उग्र वासात माझा वास लपायचा. तिच्या नवऱ्याने, कृष्णनाथाने, वीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. एकदा ट्रक उलटला आणि तेव्हापासून तो अंथरुणाला खिळला, पाय नुसते जळत राहिले. डॉक्टरांनीही हात टेकले.

सत्यवती माझी पानं खोबरेलात उकळून त्याच्या पायांना चोळायची, चिमूटभर पूड दुधातून द्यायची. पाय बरे झाले नाहीत. मी काही जादूगार नव्हे. पण त्याला चार तास झोप लागायची. किनाऱ्यावर माझ्या पुड्या विकतात, मला ओढून पोरं वाया गेलीत, हेही मी नाकारत नाही. औषधाला आणि दोरखंडाला तरी माझी लागवड खुली करावी का, असं पेपरात आलं की सत्यवती सुनेकडून, विनोदिनीकडून, ते दोनदा वाचून घ्यायची.

"जालो काय गो कायदो?"

"ना आई. अजून चर्चाच चालू आसा."

तोवर कोणाला कळू नये म्हणून सत्यवतीने मला टोपणनाव दिलं, भांगार. आमच्याकडे सोन्याला भांगार म्हणतात. परड्यातल्या भांगाराला पाणी घाल, असं ती सुनेला बजावायची. तिथेच घात झाला. शेजारच्या पांडुरंगाने अर्धंमुर्धं ऐकलं आणि गावभर झालं, सत्यवतीच्या परड्यात सोनं पुरलंय.

बोभाटा ठाण्यापर्यंत पोचला आणि चोरीचा माल असेल म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस कुदळी घेऊन आले. खणत खणत वाफ्यापाशी पोचले, तसा माझा जीव मुळांत गोळा झाला. सगळे झेंडू फुललेले, मी एकटीच बिनफुलांची. हवालदार माझ्यापुढे थांबला.

"आजी, ह्याला फुलं कशी नाहीत?"

सत्यवतीच्या मनात एकच आलं. आपण तुरुंगात गेलो तर कृष्णनाथाला कूस कोण बदलून देणार?

"वांझ झेंडू तो, साहेबा," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी मला मुळासकट उपटून गायरीत, शेणखताच्या खड्ड्यात फेकलं. वर शेणाची पाटी ओतली.

सोनं मिळालं नाही. पोलीस गेले. पांडुरंग मान खाली घालून खड्डे बुजवतोय.

मी शेणाखाली कुजत चाललेय. मला मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. कुलपात ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्या. पण तिला मला औषध म्हणू द्या. भांगार म्हणायची पाळी आणू नका.

तेलाची बाटली कालच संपलीय. आतून कृष्णनाथ तेल मागतो, "तेल हाड गो."

"हाडटां," सत्यवती म्हणते, आणि गायरीपाशीच उभी राहते.